कात्री, खळ आणि कोरे पान

शाळेतील चित्रकलेचा तास पुष्कळांच्या आयुष्यात एका लहानशा निराशेने संपलेला असतो. समोर मांडलेला तांब्या कागदावर उतरवावयाचा असतो. त्याची एक कड फुगते, दुसरी आत जाते, खोडरबराने कागद काळवंडतो, आणि शेवटी कोणीतरी, बहुधा चांगल्या हेतूनेच, सांगून टाकते की या मुलाला चित्रकलेचा हात नाही. मुलगा ते वाक्य विसरत नाही. पुढे तो हिशेबनीस होतो, शिक्षक होतो, आगगाडीच्या कचेरीत नोकरी करतो. ती मुलगी असेल तर संसार सांभाळून नोकरीही करते. परंतु चित्राचा विषय निघाला की पन्नाशीतला मनुष्यसुद्धा दहा वर्षांच्या मुलासारखा मागे सरतो आणि म्हणतो, “छे, आपल्याला त्यातले काही येत नाही.”

हाच मनुष्य दिवाळी आली की आकाशकंदील करावयास बसतो. बांबूच्या कामट्या बांधतो, पतंगी कागद कापतो, लाल पाकळीशेजारी पिवळी लावावी की हिरवी यावर घरच्यांशी वाद घालतो, सोनेरी पट्टी जरा वर घेतली तर बरे दिसेल म्हणून ओली पट्टी हलक्या हाताने उचलून पुन्हा लावतो. गणपतीच्या मखराला पाने कातरताना किंवा मुंजीच्या मांडवाला पताका लावताना त्याला कोणी हात आहे की नाही असे विचारीत नाही. रंगाशेजारी रंग ठेवणे, मोठ्या आकाराशेजारी लहान आकार ठेवणे, एखादी जागा मुद्दाम मोकळी सोडणे, ही चित्रकाराची कामे तो न कळत करीत असतो. केवळ त्यांना चित्र म्हणावे असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

कागदाचे तुकडे कापून, फाडून, जुळवून आणि चिकटवून केलेल्या चित्रास ‘कोलाज’ म्हणतात. चिकटविणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून हा शब्द आला. इ. स. १९१२ मध्ये पिकासोने आपल्या एका चित्रात खुर्चीच्या वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चिकटविले, आणि त्याच वर्षी ब्राक या त्याच्या सहकाऱ्याने लाकडाचा भास करणारा भिंतीचा कागद विकत आणून त्याचे तुकडे आपल्या रेखाचित्रात बसविले. तेव्हापासून आधुनिक कलेच्या इतिहासात कोलाजाला मानाचे स्थान मिळाले. परंतु कागद कापून चिकटविण्याची हौस त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि तिचा एक अतिशय सुंदर दाखला अशा एका बाईंच्या आयुष्यात सापडतो, ज्यांनी हे काम आरंभिले तेव्हा त्यांचे वय ७२ वर्षांचे होते.

या बाईंचे नाव मेरी डिलेनी. त्यांचा जन्म इंग्लंडात इ. स. १७०० मध्ये झाला. त्यामुळे शतकाचे वर्ष आणि त्यांचे वय बरोबरच चालत असे. तरुणपणी त्यांना भरतकामाची आणि शिंपल्यांच्या कलाकुसरीची आवड होती. १७६८ मध्ये त्यांचे पती डॉक्टर डिलेनी निवर्तले. जवळजवळ पंचवीस वर्षांची सोबत सुटली. पोर्टलंडच्या डचेस या त्यांच्या जिवलग मैत्रीण. वनस्पती, शंख, शिंपले यांचा संग्रह करण्याचा डचेसना मोठा नाद. त्यांच्या बुलस्ट्रोड येथील वाड्यात मेरीबाई वर्षातील बरेच दिवस काढू लागल्या. १७७२ मध्ये तेथेच एके दिवशी जिरॅनियमच्या पाकळीच्या आणि जवळ पडलेल्या एका कागदाच्या लाल रंगातील साम्य त्यांच्या नजरेस आले. त्यांनी कात्री घेतली, पाकळ्या कापल्या आणि त्या कागदावर लावून पाहिल्या. असे सांगतात की डचेस खोलीत आल्या, आणि खरे फूल कोणते व कागदाचे कोणते याचा त्यांना क्षणभर उमज पडला नाही.

त्यानंतर दहा वर्षे हे काम चालू होते. खरे फूल समोर ठेवावयाचे, ते निरखावयाचे, आणि मग काळ्या रंगाने रंगविलेल्या कागदावर रंगीत कागदाच्या बारीक बारीक तुकड्यांनी ते उभे करावयाचे. छायेसाठी गडद तुकडा, उजेडासाठी फिका तुकडा, देठावरील लवेसाठी केसासारखी कातरण. कृष्णकमळाच्या कुळातील एका फुलात तर दोनशेहून अधिक पाकळ्या त्यांनी कापून बसविल्या आहेत. क्यू येथील राजोद्यानातूनही त्यांच्याकडे फुले येत. एक हजार फुले पुरी करावयाची असा त्यांचा मनोदय होता; परंतु ऐंशी ओलांडल्यावर दृष्टीने साथ सोडली आणि हजाराच्या अगदी जवळ येऊन कात्री थांबली. ती चित्रे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

या फुलांविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चित्राच्या पाठीमागे मेरीबाई वनस्पतीचे नाव, दिनांक, ते काम केले ते ठिकाण आणि पुष्कळदा ते फूल ज्याने दिले त्याचे नावही लिहून ठेवीत. समोरच्या बाजूस फूल, मागच्या बाजूस दिवस. त्यामुळे त्या संग्रहाची पाने उलटताना केवळ वनस्पतिशास्त्र हाती येत नाही. एका वृद्ध स्त्रीचे दहा उन्हाळे, दहा हिवाळे, तिचे स्नेही, तिच्या भेटीगाठी हेही हाती येते. आजकाल ज्याला चित्ररोजनिशी म्हणतात, म्हणजे चित्र आणि टिपण एकाच पानावर नांदविणारी वही, तिचे बीज येथे स्पष्ट दिसते.

वार्धक्याने जे केले तेच दुसऱ्या एका कलावंताच्या बाबतीत आजाराने केले. हेन्री मातिस हा फ्रेंच चित्रकार रंगांचा राजा म्हणून जगभर गाजलेला. १९४१ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, लियॉन येथे त्याच्या पोटावर मोठी शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण चित्रफलकासमोर तासन्‌तास उभे राहण्याचे दिवस संपले. आयुष्याचा उरलेला काळ बराचसा पलंगावर आणि चाकांच्या खुर्चीत गेला. मातिसने मग वेगळी वाट धरली. मदतनीस मोठमोठ्या कागदांवर सपाट जलरंग फासून ठेवीत, आणि मातिस अंथरुणात बसून मोठी कात्री त्या कागदांतून चालवी. कापलेले आकार तो आपल्या सांगण्याप्रमाणे भिंतीवर टाचण्यांनी लावून घेई, दिवसेंदिवस त्यांच्याकडे पाही, एखादे पान वर न्यावयास सांगे, एखादे काढून टाकी. समाधान झाले म्हणजेच ते कायमचे चिकटविले जात. या पद्धतीने त्याने ‘जॅझ’ नावाचे पुस्तक केले. ते १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कातरचित्रांवरून छापलेले २० चित्रफलक आहेत, आणि त्यांच्यामध्ये मातिसने स्वतःच्या मोठ्या, वळणदार हस्ताक्षरात लिहिलेला मजकूर आहे. नाव घ्यावे असे त्याचे कितीतरी काम, १९५१ मध्ये पुऱ्या झालेल्या व्हान्स येथील प्रार्थनामंदिराच्या रंगीत काचांची योजना आणि ‘निळ्या स्त्रिया’ यांसह, याच कात्रीतून निघाले. १९५४ मध्ये त्याचे निधन झाले तोवर कात्री हातातून सुटली नव्हती.

तिसरे उदाहरण आपल्याच देशातील आणि सर्वांत विलक्षण आहे. विनोदविहारी मुखर्जी हे शांतिनिकेतनातील थोर चित्रकार. जन्म १९०४ चा. लहानपणापासून एक डोळा निकामी आणि दुसऱ्याची दृष्टी अधू. तशा दृष्टीने त्यांनी नंदलाल बसूंच्या हाताखाली शिक्षण घेतले, आणि १९४६–४७ मध्ये शांतिनिकेतनच्या हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांच्या जीवनावरील भव्य भित्तिचित्र रंगविले. पुढे वयाची पन्नाशी ओलांडल्यावर डोळ्यावरील एका शस्त्रक्रियेनंतर उरलेली दृष्टीही गेली. चित्रकाराचे डोळे गेले म्हणजे त्याचे सर्वस्व गेले असे कोणीही म्हणेल. विनोदबाबूंनी तसे मानले नाही. ते रेखाटने करीत राहिले, मातीच्या व मेणाच्या लहान मूर्ती घडवू लागले, आणि रंगीत कागद कापून त्यांची चित्रे करू लागले. १९७२ मध्ये त्यांनी कलाभवनाच्या भिंतीसाठी फरश्यांचे मोठे चित्र केले. त्याच वर्षी त्यांचे एक काळचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट काढला. १९८० मध्ये विनोदबाबू गेले.

दृष्टी गेल्यावर त्यांना कागद का जवळचा वाटला असेल हे समजणे कठीण नाही. पेन्सिलीची रेघ बोटाला लागत नाही. कापलेल्या कागदाची कड मात्र लागते. तिचे वळण चाचपता येते, एक तुकडा दुसऱ्यावर किती चढला आहे हे अंगठ्याला कळते, मोकळी जागा किती राहिली हे तळहाताने मोजता येते. कागदाचे चित्र डोळ्यांनी जसे पाहता येते तसे हातांनीही पाहता येते.

ही तिघे मोठी माणसे होती, आणि त्यांचे प्रभुत्व साऱ्या आयुष्याच्या कमाईचे होते, हे विसरून चालणार नाही. मेरीबाईंची बोटे भरतकामात मुरलेली होती. मातिसने पन्नास वर्षे रंग हाताळले होते. विनोदबाबूंच्या मनात शेकडो चित्रे साठलेली होती. तेव्हा कात्री हाती घेतली की कोणीही मातिस होतो असे सांगणे म्हणजे थट्टा ठरेल. परंतु तिघांच्या उदाहरणांतून एक गोष्ट निश्चितपणे निघते. एक दार बंद झाल्यावर तिघांनीही कागदाचे दार ठोठावले, आणि ते उघडले. शाळेतल्या तांब्याने ज्यांचे दार बंद केले, निवृत्तीनंतर ज्यांची दुपार लांबत चालली आहे, दुखण्याने जे घरात अडकले आहेत, त्यांनाही ते ठोठावून पाहावयास हरकत नाही. त्यासाठी जे साहित्य लागते ते बहुतेक घरांत आधीच असते.

सुरुवात वहीपासून करावी. मराठी मनाला ही कल्पना परकी नाही. जुन्या काळी मठांतून आणि घरांतून ‘बाडे’ असत. आवडलेले अभंग, पदे, आरत्या, औषधाचा एखादा उतारा, कधी हिशेबाच्या चार ओळी, असे जे जपावेसे वाटे ते एकाच बाडात उतरून ठेवीत. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात अशी कितीतरी बाडे जतन केलेली आहेत. चित्ररोजनिशी हे तसेच एक बाड समजावे. तीसाठी भारी वही आणू नये. कोऱ्या शुभ्र, महागड्या पानासमोर नवशिक्याचा हात आखडतो. अर्धवट वापरलेली जाड कागदाची वही, मुलाची जुनी चित्रकलेची वही किंवा निरुपयोगी झालेली पुठ्ठ्याच्या बांधणीची नोंदवही उत्तम. एक काळजी मात्र घ्यावी. पानांवर कागद चढत गेले की वही फुगते आणि तिची शिवण ताणते. म्हणून आधीच दर दोन-तीन पानांनंतर एक पान कापून टाकावे. मात्र शिवणीकडे बोटभर पट्टी राहू द्यावी, म्हणजे जोडीचे पान सुटत नाही.

कागद जमवावयास बाजारात जावे लागत नाही. चहाच्या पुड्याचे वेष्टन, लग्नपत्रिकेचा जाड रंगीत कागद, जुन्या दिनदर्शिकेची पाने, साडीच्या खोक्यातला पातळ कागद, उदबत्तीचा पुडा, पाकिटाच्या आतल्या अंगाची निळसर नक्षी, वाण्याच्या पुडीचा खाकी कागद, मुलांच्या पुस्तकांना घालून उरलेली कव्हरे. कुर्ट श्विटर्स नावाच्या जर्मन कलावंताने पहिल्या महायुद्धानंतर ट्रॅमची तिकिटे, वेष्टने आणि फाटक्या जाहिराती यांची चित्रे केली. ‘कोमेर्झ’ म्हणजे व्यापार या छापील शब्दाच्या एका तुकड्यावरून त्याने आपल्या कलेस ‘मेर्झ’ असे नावच दिले. जमविलेले कागद एका खोक्यात ठेवावेत, आणि रंगांप्रमाणे त्यांची विभागणी करावी: तांबडे एकत्र, निळे एकत्र, मातकट एकत्र. ही विभागणी करतानाच रंगांचे शिक्षण सुरू होते. सगळे हिरवे एका ठिकाणी आले म्हणजे हिरवा हा एक रंग नसून ते मोठे एकत्र कुटुंब आहे हे ध्यानात येते.

कागदाच्या स्वभावाची थोडी ओळख करून घ्यावी. यंत्रावर झालेल्या कागदाचे तंतू बहुतेक एका दिशेने पसरलेले असतात. त्या दिशेने कागद फाडला तर तो बराच सरळ फाटतो. आडवा फाडला तर वेडावाकडा जातो. डोंगराची कड हवी असेल तर आडवा फाडावा, तळ्याची रेषा हवी असेल तर उभा. छापील कागद फाडताना एका तुकड्याला पांढरी झालर येते. फाडण्याची दिशा बदलली की ती झालर दुसऱ्या तुकड्याकडे जाते. ती दोष समजू नये. लाटेचा फेस, ढगाची किनार, भिंतीवरचे ऊन यांसाठी तिचा उपयोग होतो. वर्तमानपत्राचा कागद मात्र काही काळाने पिवळा आणि ठिसूळ होणार हे धरून चालावे. लाकडाच्या लगद्यातील लिग्निन हे द्रव्य त्यात राहिलेले असते आणि उजेड व हवा लागून ते रंग बदलते. तसेच यंत्रातून निघणाऱ्या हल्लीच्या पुष्कळ पावत्या शाईने छापलेल्या नसतात. कागदावरील रसायनास उष्णता लागून अक्षरे उमटलेली असतात आणि ती पुढे पुसट होत जातात. तसली पावती चिकटवावयाची असेल तर तिचा मजकूर शेजारी हाताने उतरून घ्यावा.

चिकटविण्यासाठी घरची खळ पुरेशी आहे. एक वाटी मैद्यास चार-पाच वाट्या पाणी घ्यावे. आधी थोड्या थंड पाण्यात मैदा कालवून गुठळ्या मोडाव्यात, मग उरलेले पाणी घालून मंद आचेवर सारखे ढवळावे. पांढरेपणा जाऊन खळ किंचित पारदर्शक व दाट झाली की उतरवावी आणि निवू द्यावी. ती दोन दिवसांत संपवावी. उन्हाळ्यात त्याहूनही लवकर आंबते. बुकबाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत असत. पण मोरचूद विषारी आहे, आणि ज्या घरात मुले वावरतात तेथे त्याच्या वाटेस जाऊ नये. खळीच्या वासाने कसर येते, म्हणून वही पुरती वाळवून कोरड्या जागी ठेवावी आणि मधूनमधून उघडून पाहावी, म्हणजे झाले. बाजारात मिळणारा पांढरा डिंकही चालतो. मात्र तो थोडासाच, पातळ करून लावावा. खळ तुकड्याच्या मागे मध्यापासून कडांकडे पसरावी, तुकडा पानावर ठेवून स्वच्छ फडक्याने मधूनच बाहेर दाबीत न्यावे, म्हणजे आत हवा राहत नाही. ओला कागद पसरतो आणि वाळताना आक्रसतो. पान वाकते ते यामुळे. त्यावर उपाय असा की पानाखाली आणि पानावर रद्दीचा कोरडा कागद घालून, वही मिटून, वर जाडजूड पुस्तकांचे ओझे एक रात्र ठेवावे.

आता पहिले पान. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. म्हणून पहिल्या पानावर चित्र काढावयाचेच नाही असे ठरवावे. केवळ तीन कागद निवडावेत: एक गडद, एक फिका आणि एक मधला. कात्री न घेता हातानेच तिन्हींचे दोन-तीन तुकडे फाडावेत. ते पानावर ठेवावेत आणि चिकटवू नयेत. एक तुकडा कडेला सारून पाहावा, एक दुसऱ्यावर चढवून पाहावा, एक उचलून घ्यावा. वही उलटी फिरवून पाहावी. मातिस भिंतीवर टाचण्या लावून जे करी ते हेच. पेन्सिलीची चुकलेली रेघ खोडावी लागते आणि खोडलेल्याची खूण राहते. न चिकटविलेला तुकडा हवा तितक्या वेळा हलविला तरी कागदावर डाग पडत नाही. ज्यांना चुकण्याची भीती वाटते त्यांच्यासाठी कागदाइतका क्षमाशील गुरू दुसरा नसेल. एखाद्या मांडणीशी नजर रेंगाळली की खळ हाती घ्यावी.

दुसऱ्या-तिसऱ्या पानावर कात्री घ्यावी. एखादे साधे पान, आंब्याचे किंवा पिंपळाचे, समोर ठेवून रेघ न आखता थेट कापावे. कात्री फिरविण्यापेक्षा कागद फिरविला तर वळण गोल येते. कापल्यावर जो आकार हाती येतो तो जितका उपयोगी, तितकाच तो काढून घेतल्यावर कागदात राहिलेली पोकळीही उपयोगी. दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहावे. पुढे हात वळू लागला की मेरीबाईंप्रमाणे काळ्या कागदावर एक फूल करावे. जास्वंद सोपी, मोगरा अवघड. कारण पांढऱ्यात पांढरे ओळखावे लागते. कागदाचे फूल साधले नाही तरी त्या दिवशी खरे फूल नीट पाहिलेले असते, आणि ते पाहणे वाया जात नाही.

पान पुरे झाले की कोपऱ्यात दिनांक आणि दोन ओळी लिहाव्यात. लेखन फार करू नये. ज्यांना रोजनिशी लिहिण्याचा निश्चय दर जानेवारीत करून फेब्रुवारीत मोडावा लागतो, त्यांची अडचण बहुधा अशी असते की साऱ्या दिवसाचे वृत्त लिहावे लागते अशी त्यांची समजूत असते. येथे तशी सक्ती नाही. “आज पहिला पाऊस. खिडकी लावली नाही.” एवढे पुरे. निळसर कागदाच्या चार पट्ट्या आणि या दोन ओळी मिळून तो दिवस पुढे वीस वर्षांनीही ओळखता येईल. घरातील जुनी छायाचित्रे आणि पत्रे मात्र मूळ स्वरूपात कधीही कापू वा चिकटवू नयेत. त्यांच्या नकला काढून वापराव्यात. खळ लागलेले पत्र परत मिळत नाही.

महाराष्ट्राबाहेर, देशाच्या कानाकोपऱ्यांत नोकरीधंद्यानिमित्त विखुरलेल्या मराठी कुटुंबांना तर अशा वहीचे मोल अधिक आहे. चार-पाच वर्षांनी बदली होते. शहर बदलते, शेजार बदलतो, वाण्याच्या दुकानावरील पाटीची लिपी बदलते. सामान बांधताना आधी टाकले जातात ते कागद. कलकत्त्याच्या मिठाईच्या खोक्यावरील बंगाली अक्षरे, मद्रासेहून आलेल्या वर्तमानपत्रातील तमिळ मथळा, बडोद्याच्या कापडदुकानाच्या पिशवीवरील गुजराथी नाव, हे सारे त्या त्या गावी इतके सामान्य असते की जपण्यासारखे वाटत नाही. पुढच्या गावी गेल्यावर ते कोठेही मिळत नाही. वहीच्या एका पानावर तमिळ मथळ्याचा तुकडा आणि त्याखाली आजीच्या हातची मराठीतली ओळ, असे जेव्हा दिसते तेव्हा एका कुटुंबाचा भारतातील प्रवास तेथे नोंदला गेलेला असतो. ज्या नातवंडाला मराठी बोलता येते पण वाचताना अडखळावयास होते, ते नातवंड आधी कागदाचा तुकडा पाहावयास पान उघडते आणि मग खालची ओळ वाचून दाखविण्याचा आग्रह धरते. अक्षरओळखीला याहून चांगले निमित्त क्वचितच मिळते.

या छंदाला दोन शत्रू आहेत. पहिला शत्रू संग्रह. कागद जमविता जमविता खोकी भरतात आणि वही कोरीच राहते. त्यावर उपाय एकच, खोके भरले की नवा कागद आणावयाचा नाही. आधी पान करावयाचे. दुसरा शत्रू तुलना. छापील पुस्तकांतून आणि हल्ली फोनच्या पडद्यावरूनही इतकी सुबक पाने डोळ्यांसमोर येतात की आपले पान दाखविण्याची लाज वाटते. परंतु बाड कोणाला दाखविण्यासाठी लिहिले जात नसे. मेरीबाईंची फुले पुढे मोठ्या संग्रहालयात गेली. ती करताना मात्र त्या एका मैत्रिणीच्या घरी, खिडकीशी बसून, हातातले फूल कोमेजण्याच्या आत त्याचा रंग कागदात सापडतो का एवढेच पाहत होत्या.

हजार फुलांचा त्यांचा संकल्प पुरा झाला नाही. दृष्टी गेली, कात्री खाली ठेवावी लागली, संख्या थोडी कमी पडली. त्या उणिवेबद्दल आज कोणी बोलत नाही. सत्तरी उलटल्यावर, दुःख ताजे असताना, एका पडलेल्या पाकळीकडे आणि एका कागदाकडे आळीपाळीने पाहून त्यांनी कात्री उचलली, म्हणून ती शेकडो फुले आहेत. घरात कात्री असतेच, मैदाही असतो, आणि आजच्या टपालाबरोबर किंवा वाण्याच्या सामानाबरोबर एखादा रंगीत कागद आलेला असेलच. तो टाकून देण्याआधी क्षणभर उजेडात धरून पाहावा. जुन्या वहीचे एखादे कोरे पान काढावे आणि त्याच्या कोपऱ्यात आजचा दिनांक घालावा. तांब्या काढता आला नाही म्हणून थांबलेले काम तेथून पुढे सुरू करता येईल.